व्ही. पी. मधला ‘पी’

पापनाशम शिवन या नावात आडनाव नाही, आणि बारकाईनं पाहिलं तर नावही नाही. कर्नाटक संगीतातले हे थोर रचनाकार जन्मानं रामय्या. १८९० साली नागपट्टिणमकडच्या पोलगम गावात ते जन्मले. लहानपणीच वडील गेले, आई मुलांना घेऊन त्रावणकोरात गेली, शिक्षण तिकडेच झालं. पुढे आईचंही छत्र गेलं तेव्हा हा तरुण देवळं आणि भजनं करत हिंडू लागला. थोरले बंधू राजगोपाल अय्यर तेव्हा तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला राहत, त्यांच्याकडे त्याचं येणंजाणं असे. जवळच्या गणपती अग्रहारममधले लोक अंगभर भस्म फासून तल्लीन होऊन गाणाऱ्या या पाहुण्याला बघून म्हणू लागले, हा तर साक्षात शिवन! झालं. भावाचं गाव पुढे लागलं, लोकांनी ठेवलेलं नाव मागे, आणि रामय्या कायमचा पुसला गेला. १९७१ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीनं ‘संगीत कलानिधी’ हा किताब दिला तो पापनाशम शिवन यांना.

त्याच राजगोपाल अय्यरांची मुलगी म्हणजे एम. जी. रामचंद्रन यांच्या पत्नी व्ही. एन. जानकी. जानेवारी १९८८ मध्ये काही आठवडे त्या तमिळनाडूच्या मुख्यमंत्री होत्या. त्यांच्या नावातला ‘व्ही’ म्हणजे वैकम हे गाव आणि ‘एन’ म्हणजे नारायणी, आईचं नाव. एकाच घरातले चुलता आणि पुतणी, पण दोघांच्या नावांत एकही शब्द सामाईक नाही. आपल्याकडे हे असं असतं तर तलाठ्याला वेड लागलं असतं.

कावेरीच्या या पट्ट्यात मात्र यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पापनाशम तालुक्यातलंच उमयाळपुरम घ्या. मृदंगवादक शिवरामन यांच्यामुळे हे खेडं जगभरच्या मैफलींच्या पत्रिकांवर छापलं गेलं. (कमल हासनच्या २०१५ च्या ‘पापनाशम’ चित्रपटातलं पापनाशम हे नव्हे, ते खाली तिरुनेलवेलीकडचं.) आपल्याकडे जन्मले असते तर शिवन ‘पापनाशमकर’ झाले असते आणि त्यांची नातवंडं पुण्यात वाढूनही पापनाशमकरच राहिली असती. तमिळ पद्धतीत गाव माणसाला चिकटतं, वंशाला चिकटेलच असं नाही. जन्म पोलगमचा असून नाव पापनाशमचं लागलं, यावरूनच ते किती सैल बांधलेलं असतं ते कळतं.

या मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी माणसं आली. त्यांच्या आडनावांचं काय झालं, याची ही गोष्ट आहे.

ती आली तेव्हा मुलूख भरलेला होता. पापनाशमला तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथ मंदिराच्या आवारात विटांचं एक धान्यकोठार अजून उभं आहे. गोल, वर निमुळतं होत गेलेलं, ३६ फूट उंच, ८६ फूट घेराचं, तीन हजार कलम भात मावेल एवढं. तंजावरच्या नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधलं. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, विजापूरकरांच्या हुकमावरून मदुरेच्या नायकाविरुद्ध तंजावरच्या गादीचं भांडण मिटवायला आले आणि १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच त्या गादीवर बसले. अशी कोठारं पाहिल्यावर परत जावंसं न वाटणं मी समजू शकतो. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं, तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं, भोसले तंजावरला राज्य करत होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, पुराणिक आले, रामदासी गोसावी आले.

आज त्यांचे वंशज भेटले की मराठी पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, तुमचं मूळ आडनाव काय? बहुतेक ब्राह्मण घरांतून उत्तर येतं, राव. पाहुणा हळहळतो. बिचाऱ्यांचं आडनाव हरवलं!

ही हळहळ मला थोडी अनाठायी वाटते. हरवायला आधी ते हातात असावं लागतं. सतराव्या शतकातले मराठी कागद पाहिले तर माणूस मुख्यतः स्वतःच्या नावानं, बापाच्या नावानं आणि हुद्द्यानं ओळखला जातो. निळो सोनदेव, बाळाजी आवजी, मोरो त्रिमळ. आडनाव असलं तरी ते खिशात असतं, कपाळावर नसतं. रामचंद्र नीलकंठ अमात्यांना आपण सर्रास बावडेकर म्हणतो. पण गगनबावड्याची जहागिरी मिळाल्यावर लागलेलं ते नाव. बाळाजी विश्वनाथांना ‘भट’ म्हणून हाक मारलेली कुणी ऐकली आहे? आडनाव प्रत्येकाला असलंच पाहिजे आणि ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं गेलं पाहिजे, ही सक्ती पुढे शाळेच्या हजेरीपटानं, पलटणीच्या यादीनं आणि कोर्टाच्या दफ्तरानं केली. एकोजींबरोबर निघालेली माणसं या सक्तीच्या कितीतरी आधी घाट उतरली होती. महाराष्ट्रात मागे राहिलेल्यांची आडनावं नंतर घट्ट झाली. यांची व्हायची राहिली.

मग मराठ्यांची का टिकली? तंजावरचे भोसले भोसलेच राहिले, हे तर उघड आहे. ज्याचं राज्य त्याचं कुळ. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास दगडावर मराठीत कोरून घेतला, चिटणीस बाबूराय यांच्याकडून लिहवून. चोळांच्या देवळाच्या भिंतीवर ‘भोसलेवंशचरित्र’ कोरून ठेवणाऱ्याचं आडनाव कसं हरवणार? तमिळ लिपीनं मात्र त्याच्याशी थोडी झटापट केली. त्या लिपीत प, फ, ब आणि भ या चौघांना मिळून एकच अक्षर; शिवाय मध्ये अनुनासिक घुसलं. त्यामुळे पाटीवरचं भोसले नवख्याला ‘पोन्सले’ वाचता येतं. इंग्रजीतल्या ‘भोन्सले’तही तो ‘न’ आहेच.

पण राजघराण्याबाहेरच्या मराठा घरांनीही आपली कुळं सांभाळली, त्याचं कारण सोयरिकीत आहे. मराठ्यांत लग्न जमवताना कुळी आणि देवक पाहावंच लागतं. जाधव कोण आणि मोहिते कोण हे विसरून चालत नाही. ब्राह्मणाला सोयरिकीसाठी आडनाव लागत नाही, गोत्र लागतं. गोत्र रोजच्या संध्येत म्हटलं जातं, ते विसरायची सोय नाही. आडनावाकडे कामच उरलं नाही, तेव्हा ते मागे पडलं. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या एवढ्याशा फरकात आहे.

रिकामी झालेली जागा ‘राव’नं घेतली. महाराष्ट्रात राव हा नावाला लावायचा मान. माधव मोठा झाला, चार पैसे मिळवू लागला, की माधवराव. तंजावरला तो नावापासून सुटा झाला आणि आडनावाच्या जागी जाऊन बसला. त्यामुळे तिथे पाळण्यातलं पोरही जन्मतःच राव. तमिळ शेजाऱ्यांनी त्याला आपल्या पद्धतीनं ‘रायर’ केलं. अय्यर, अय्यंगार, तसे हे रायर. एका हाकेत घरची भाषा, जात आणि जेवणाची पद्धत सगळं सांगून व्हायचं. म्हणजे जे काम आडनावानं एका घराण्यासाठी करायचं, ते रावानं एका अख्ख्या समाजासाठी केलं. तोटा एकच. राव तेलुगूंचेही असतात, कन्नड माध्वांचेही, कोकणी सारस्वतांचेही. कुंभकोणम सोडून मद्रास गाठली की या गर्दीत मराठी राव ओळखू येईनासा होतो.

काही आडनावं माणसांकडून सुटून रस्त्यांकडे गेली. कुंभकोणमला दबीर स्ट्रीट आहे. दबीर हा तंजावर दरबारातला बडा हुद्दा. गंमत अशी की १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी हुद्द्यांची फारसी नावं बदलली, त्यात दबीराचा सुमंत झाला. ‘राज्यव्यवहारकोश’ हा फारसीला संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश ज्यांच्या नावावर आहे ते रघुनाथ नारायण हणमंते आधी एकोजींचेच कारभारी होते. धन्याशी बिनसलं, ते निघून महाराजांकडे आले आणि १६७७ च्या दक्षिण स्वारीत महाराजांच्या बरोबर पुन्हा त्याच मुलखात उतरले. हणमंत्यांच्या नावावरच्या कोशानं जो शब्द मोडीत काढला, तो त्यांनी सोडलेल्या दरबारात सुखानं नांदला आणि आज कुंभकोणमच्या रिक्षावाल्याला तोंडपाठ आहे.

तंजावर शहरात मानोजीअप्पा वीथी आहे. हे मानोजी म्हणजे अठराव्या शतकातले तंजावरचे सेनापती मानोजीराव जगताप. १७५२ मध्ये श्रीरंगमच्या वेढ्यात फ्रेंचांचा मित्र चंदासाहेब मानोजींच्याच हाती लागला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. कर्नाटकातल्या इंग्रज-फ्रेंच युद्धांचं पारडं फिरवणाऱ्या घटनांत ही एक. एवढा मोठा माणूस, पण रस्त्याच्या नावात जगताप नाही. तमिळ लोकांनी आपला लाडका ‘अप्पा’ तेवढा जोडला.

आता इंग्रजांकडे येऊ. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानं सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला देऊन टाकला. किल्ला आणि पेन्शन तेवढं राहिलं. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, आणि हिशेब ठेवण्यात मुरलेल्या मराठी कारकुनांना नवा धनी मिळाला. त्यांनी इंग्रजी उचललं ते झपाट्यानं. त्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे तंजावर सुब्बराव. त्रावणकोरच्या राणीनं त्यांना बाल राजपुत्राचे, म्हणजे पुढे संगीतकार म्हणून कीर्ती मिळवणाऱ्या स्वाती तिरुनाळ यांचे शिक्षक नेमलं आणि पुढे १८३० मध्ये शिष्यानं त्यांना दिवाण केलं. त्रावणकोरच्या इतिहासात ते ‘इंग्लिश सुब्बराव’ म्हणूनच ओळखले जातात. आडनावाच्या जागी चक्क ‘इंग्लिश’! अवघ्या इंग्लंडात इंग्लिश आडनावाची माणसं आहेत, पण तिथे ते लावणाऱ्याला भाषा येते म्हणून कुणी ते दिलेलं नाही.

उलट दिशेनंही हेच झालं. जॉर्ज उग्लो पोप हा कॅनडात जन्मलेला, इंग्लंडात वाढलेला मिशनरी १८५१ पासून सातेक वर्षं तंजावरला होता. पोप हे इंग्रजीतलं चांगलं रुळलेलं आडनाव. मध्ययुगात एखाद्याच्या गंभीर, सोवळ्या वागण्यावरून किंवा नाटकात पोपचं सोंग घेतल्यावरून ते टोपणनाव म्हणून पडत असे आणि मग मुलानातवंडांना चिकटे. म्हणजे त्याचीही सुरुवात शिवनसारखीच, लोकांनी ठेवलेल्या नावानं. तमिळ लोकांनी पोपसाहेबांना आदरानं ‘पोप अय्यर’ केलं. प्रॉटेस्टंट पाद्री, त्याचं आडनाव रोमच्या धर्मगुरूचं, आणि त्याला बहुमान ब्राह्मणाचा! १८८६ मध्ये त्यांचं तिरुक्कुरळचं इंग्रजी भाषांतर निघालं, १९०० मध्ये तिरुवाचकमचं, आणि तमिळनाडूत ते आजही जी. यू. पोप अय्यर आहेत. तंजावरच्या मातीत नाव रुजलं की त्याला तिथला पाला फुटतो, मग बी कुठलंही असो.

इंग्रजी दफ्तरानं मराठी रावांना दिलेली खरी देणगी म्हणजे आद्याक्षर. ‘टी. माधवराव’ हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १८२८ साली कुंभकोणमला जन्म, वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण, शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात एअर बर्टन पॉवेल या मुख्याध्यापकाच्या हाताखाली. १८५७ ते १८७२ स्वतः त्रावणकोरचे दिवाण. त्यातला ‘टी’ म्हणजे तंजावर. जन्म कुंभकोणमचा असला तरी घराण्याचा पत्ता तो. तमिळ रिवाजाप्रमाणे हे सैल आद्याक्षर त्यांच्याबरोबर संपायचं. पण त्यांचे चिरंजीव आनंदराव १९०९ ते १९१२ म्हैसूरचे दिवाण झाले तेव्हा त्यांच्याही नावापुढे तोच ‘टी’. पद्धत तमिळ, कागद इंग्रजी आणि सवय मराठी. बापाकडून मुलाकडे गेलेलं ते एक अक्षर म्हणजे आडनावच की.

माधवराव त्रावणकोर सोडून आधी इंदूरला तुकोजीराव होळकरांकडे गेले आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याला दिवाण म्हणून आले. गादीवर कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा मुलगा, पुढचे सयाजीराव, आणि कारभार या तंजावरी मराठी माणसाकडे. होळकर हे आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलेलं. म्हणजे इंदूरच्या दरबारात धनी आणि दिवाण दोघेही आपापल्या गावाचं नाव लावूनच बसले होते. एकाचं मागे ‘कर’ होऊन गोठलेलं, दुसऱ्याचं पुढे एका अक्षरात आकसलेलं. बडोद्याच्या मराठीत तर आणखी एक उलटापालट झाली. इंग्रजीत सुटा लिहिला जाणारा ‘राव’ परत नावाला जाऊन चिकटला आणि माधव राव पुन्हा माधवराव झाले. आडनाव म्हणून गेलेला राव मान म्हणून परत आला. त्या दोन अक्षरांमध्ये दोनशे वर्षांचा प्रवास आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. १८८२ पर्यंत ते बडोद्यात होते. आजही मराठी पुस्तकांत ते ‘सर टी. माधवराव’ असतात, आणि हा ‘टी’ कसला असं विचारणारा वाचक क्वचितच.

आनंदरावांच्या आधी, १९०६ ते १९०९, म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव. तेही कुंभकोणमचेच, जन्म १८५०. त्याआधी दोन वर्षं त्रावणकोरचे दिवाण होते, पुढे बडोद्याचेही झाले. एका गावच्या एका समाजातून लागोपाठ दोन दिवाण म्हैसूरला आणि त्यानंतर विश्वेश्वरय्या. याची नोंद कुंभकोणमकरांनी जेवढी ठेवली आहे तेवढी आपण नाही. या व्ही. पी. मधला ‘व्ही’ म्हणजे विश्वनाथ. आणि ‘पी’ म्हणजे पाटणकर.

विश्वनाथ पाटणकर माधवराव. गावाचं नाव, त्याला ‘कर’, अस्सल देशावरची घडण, आणि ती शेवटी नसून मध्येच, एका अक्षरात घडी करून ठेवलेली. पाटण नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, पण मुद्दा तो नाही. बाकीच्यांनी जे सोडून दिलं ते या घरानं पिढ्यान्‌पिढ्या जपलं. मात्र जपताना तमिळ कायदा पाळला. गावाचं नाव पुढे आणायचं, आखडून घ्यायचं, आणि हाक मारताना गाळायचं. दिवाणसाहेबांना कुणी ‘पाटणकर’ म्हणून हाक मारली असती तर त्यांनी मान वळवली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे.

हल्ली पासपोर्टानं हा सगळा प्रश्न पुन्हा वर काढला आहे. अर्जात आडनावाचा रकाना असतो, आणि दक्षिणेतल्या लाखो लोकांना तिथे काय लिहावं ते कळत नाही. बहुतेक जण वडिलांचं नाव लिहून मोकळे होतात. परदेशात गेल्यावर तिथला कारकून त्याच नावानं हाक मारतो आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्या वडिलांना बोलावताहेत. तंजावरच्या रावांना त्या मानानं सोपं जातं. रकान्यात राव भरला की काम भागलं. ‘इंग्लिश सुब्बरावां’च्या काळी हा रकाना असता तर त्यात काय गेलं असतं, सांगता येत नाही.

तेव्हा तंजावरकडचे कुणी राव भेटले आणि आपलं त्यांच्याशी मुळापासून काही नातं आहे का ते तपासायची हौस असली, तर आडनाव विचारण्यात फार वेळ घालवू नये. गोत्र विचारावं, कुलदैवत विचारावं. तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी यांतलं एखादं नाव निघालं तर पुढची चौकशी वंशावळींच्या वह्या ठेवणाऱ्या क्षेत्रोपाध्यायांकडे करावी. आणि आद्याक्षरं सगळी उलगडून सांगा म्हणावं, एकही न गाळता.